दिवाणखान्यातलं मुंडकं

कलाकृती आणि कलावंत वेगळे ठेवावेत म्हणे. ठेवा की! भेळ कालवून झाल्यावर तिच्यातला कांदा वेगळा काढावा, इतकं सोपं आहे ते. भयकथेचा बादशहा एच. पी. लव्हक्राफ्ट न्यूयॉर्कला राहायला गेला आणि शेजारचे स्थलांतरित पाहून त्याला शिसारी आली; खाजगी पत्रांतून ती त्यानं लिहूनही ठेवली. त्यातून ब्रुकलिनच्या रेड हुकवरची भयकथा झाली. तिच्यातली भुतं कोणती आणि भाडेकरू कोणते, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

वर्ल्ड फँटसी पुरस्कारवाल्यांनी तर १९७५ पासून विजेत्यांना पुस्तकाबिस्तकाऐवजी थेट लव्हक्राफ्टचं मुंडकंच, पुतळ्याच्या रूपात, द्यायला घेतलं. २०११ साली ते नायजेरियन वंशाच्या लेखिका न्नेडी ओकोराफोर यांच्या घरी पोचलं. आता ठेवायचं कुठं? देव्हाऱ्यात की माळ्यावर?

२०१५ मध्ये मुंडकं रद्द झालं. रागावून लव्हक्राफ्टचे चरित्रकार एस. टी. जोशी यांनी आपली दोन्ही मुंडकी परत पाठवली. जोशींचा जन्म पुण्याचा. शेजारी म्हणून ते लव्हक्राफ्टला चालले असते का, हा प्रश्न सभ्य माणसानं विचारू नये.

आता पुरस्कारात झाड आणि चंद्र देतात. झाडाचा खाजगी पत्रव्यवहार अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.