वॉक-इन डॉक्टर

पुण्यात पाषाण रोडला सकाळी नऊच्या सुमारास कुठल्याही प्रयोगशाळेच्या गेटाशी उभे राहा, हे गृहस्थ दिसतीलच. कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक आणि छातीशी फाइल. पावसात शर्ट भिजला तरी चालेल, फाइल भिजता कामा नये. दहावीच्या मार्कशीटपासून पीएच.डी.च्या नोटिफिकेशनपर्यंत सगळं त्यात तारीखवार. डोमिसाइल आणि नॉन-क्रीमी लेयर वेगळ्या कप्प्यात. संशोधनाचा विषय विचारलात तर एका वाक्यात आटपतील. जाहिरातींबद्दल विचारलंत तर मात्र तुमची बस चुकली म्हणून समजा.

‘पद निव्वळ तात्पुरते’, ‘प्रवासभत्ता देय नाही’ या ओळींवर ते नजरही टाकत नाहीत. थांबतात ते ‘इष्ट पात्रता’पाशी. अनिवार्य पात्रता जगासाठी असते: एम.एस्सी., नेट नाहीतर गेट. इष्ट पात्रतेत मात्र हळूहळू कुणाचा तरी चेहरा दिसू लागतो. झेब्राफिश सांभाळल्याचा अनुभव हवा, पायथॉन यायला हवं, शिवाय कोकणातल्या खाड्यांतून नमुने गोळा केलेले हवेत! “हा पठ्ठ्या आत्ता आतच मासे सांभाळतोय,” डॉक्टर शांतपणे सांगतात आणि नोंदणीच्या रांगेत जाऊन उभे राहतात. मग आलात कशाला? तर पॅनेलवर बाहेरून आलेल्या मॅडमना आपलं नाव माहीत असावं म्हणून.

आकडे तोंडपाठ. 2023 पासून जेआरएफला महिना 37 हजार, एसआरएफला 42, रिसर्च असोसिएटला 58 पासून पुढे, वर घरभाडं. पैसे खात्यात कधी पडतात, हे विचारलं की चहा मागवतात.

प्राध्यापकीही करून पाहिली. सीएचबीवर तासाचे पैसे, म्हणजे मे महिना कोरडा. कायम जागेचं विचारलं तर संस्थाचालक म्हणाले, “तुम्हालाही काहीतरी करावं लागेल.” यांनी आणखी एक पेपर छापून आणला. बिचारे!

परदेशी पोस्टडॉकचे मेल रात्री अकरानंतर सुटतात. मजकूर एकच, ‘आपलं अलीकडचं संशोधन वाचून भारावून गेलो’. नाव तेवढं बदलायचं. एकदा म्युनिकच्या प्राध्यापकांना हायडेलबर्गच्या प्राध्यापकांचं संशोधन वाचून भारावल्याचं कळवलं गेलं. उत्तर आलं ते नेमकं त्याच मेलला: आपण बहुधा त्यांना लिहिताय, पत्ता सोबत देतो.

तर तुमच्या घरातलं कुणी वॉक-इनला निघालं असेल, तर आधी यांना गाठा. मूळ प्रमाणपत्रं कोणती, झेरॉक्सचे संच किती, कुठल्या गेटवर मोबाइल काढून घेतात, सगळं फुकट आणि मनापासून सांगतील. निवड झाली तर एक फोन मात्र करा. त्यांना ती जागा यादीतून खोडायची असते.