ट्रकाला प्लग नसतो

डिचोली तालुक्यात मोटारीविषयी मत मागावे लागत नाही. ते आपोआप मिळते, आणि देणारा बहुधा ट्रकवाला असतो. खाणींच्या ऐन भरात जिथे वाड्यावाड्यांवर टिपर उभे असत, तिथे दुसरे काय होणार? माझा मावसभाऊ याच पंथातला. त्याच्या लेखी जगात वाहने दोनच जातींची: डिझेलवर चालतो तो ट्रक, आणि उरलेली सगळी पोरांची खेळणी. मी पेडण्याचा. माझ्याकडे पेट्रोलवरची जुनी ऑम्नी.

वास्तविक ट्रकाची कामे तिनेच जास्त केली आहेत. माटोळीचे सामान, नारळाच्या राशी, हरमलच्या मिरचीची पोती, लग्नातले टोप आणि त्या टोपांच्या वर बसलेले पाहुणे, हे सगळे तिने निमूटपणे वाहिले. तिचा पाच आकडी मीटर एक फेरी पुरी करून कधीच शून्यावरून निघाला आहे. त्यामुळे कागदोपत्री ती अजून तरुण आहे. पण अलीकडे ती सकाळी खोकू लागली. तिनातले एक सिलिंडर पर्वरीचा चढ येईपर्यंत जागेच होत नसे, आणि चढ आला की बाकीची दोन दमत. मी म्हणालो, प्लग बदलू, घरीच.

‘प्लग?’ पाहुणा आलेला मावसभाऊ दयेने हसला. ‘आमच्या ट्रकाक प्लगच ना मरे!’

हे खरे आहे, आणि तीच खरी अडचण आहे. डिझेलच्या इंजिनात हवा सोळा-अठरा पट दाबली जाते. ती पाचशे अंशांच्या वर तापते, मग डिझेलचा फवारा आत आला की तो आपला आपण पेटतो. ठिणगीची गरजच पडत नाही. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाने १८९३ साली या युक्तीचे पेटंट मिळवले, पण आमचा मावसभाऊ ती अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावे, मूळ कल्पना मयें गावातली.

प्लग नसलेला हा ट्रक ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खाणबंदीच्या आदेशाने दारात थांबला. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. मग फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज गेल्या आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद. आता काही सुरू झाल्या आहेत. मधल्या काळात त्याच्या घरच्यांना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला कोणाचे खेळणे नेत होते, हे मी बोलून दाखवू शकलो असतो. पण मावशी समोर बसली होती.

ऑम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की शेजाऱ्यांना बसायला आयतीच जागा होते, कारण ती सीट आपण अंगणात ठेवतो. तिच्यावर पहिले बसले शेजारचे मास्तर. त्यांनी आयुष्यभर एकच स्कूटर वापरली. पावसाळ्यात ती रुसली की ते प्लग काढून स्वयंपाकघरात नेत आणि सांडशीत धरून गॅसवर भाजत. त्यांच्या घरच्या हुमणाला जून ते सप्टेंबर पेट्रोलचा वास येई, अशी वदंता आहे. मास्तरांचे म्हणणे, नवे प्लग कशाला? पॉलिश पेपरने घासा, पेट्रोलने धुवा, हॅकसॉचे पाते घालून गॅप बघा, झाले. स्कूटरला ते पाते बरोबर लागू पडते, कारण त्याची जाडी सहा-साडेसहा दशांश मिलिमीटर भरते. ऑम्नीला गॅप पाऊण मिलिमीटरच्या आसपास लागते. पण मास्तरांना दशांश चिन्ह कोण शिकवणार?

तिसरा आला तो पायलट. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर भाडे नेणारा माणूस. मोपाला विमानतळ होण्याच्या कितीतरी आधीपासून पेडण्यात पायलट आहेत. प्लग या विषयात अंगणातला खरा अधिकारी तोच. माती बघून त्याने आधी सायकलचा पंप मागवला. प्लगांभोवतीच्या खळग्यांत डिचोलीची तांबडी धूळ आणि मांद्र्याची रेती सलोख्याने नांदत होती. ती फुंकून काढल्याशिवाय प्लग सोडवला असता, तर दोन्ही तालुके थेट सिलिंडरात उतरले असते.

मावसभावाने मात्र हातभर लांबीची टॉमी आणली होती. त्याच्या मनगटाला टिपरच्या चाकाच्या नटांची सवय. ऑम्नीचे हेड ॲल्युमिनियमचे. त्यात पोलादी प्लग जोरात आवळला की आटे जातात, आणि आटे गेले की हेडच उतरवावे लागते. पायलटने त्याच्या हातातली टॉमी काढून मावशीकडे दिली. मावशीने ती मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

मग तीन जुने प्लग पायरीवर ओळीने ठेवले गेले आणि पायलट पत्रिका बघावी तसा त्यांच्यावर वाकला. ‘ह्यो बरो,’ तो पहिल्याचा तपकिरी रंग बघून म्हणाला. दुसरा काळाकुट्ट, कोरड्या काजळीचा: पेट्रोल जास्त जाते. तिसरा काळा, पण ओला आणि तेलकट. त्याने तो नाकाशी धरला, गाडीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. ‘हो सिलिंडर तेल खाता.’

‘म्हणजे?’ आईने विचारले.

‘रिंगा गेल्या.’

‘मग शांत कितीला पडते?’

पायलटने आकडा सांगितला नाही. चतुर्थी होऊ दे, एवढेच म्हणाला, आणि आकडा काय असेल ते सगळ्यांना समजले. मावसभावाने सुचवले, तेलकट तेवढाच बदल, दोन चांगले आहेत. ट्रकवाला टायर असाच बदलतो. पण प्लगाचे दुखणे नुसत्या रंगात नसते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग त्या मिनिटात दीड हजार वेळा ठिणगी टाकतो. टोक झिजत जाते, गॅप रुंदावते आणि कॉइलला तेवढा जास्त दाब लावावा लागतो. तिघांनी बरोबर मजुरी केली, तिघांना बरोबर निवृत्ती. तीनही नवे घातले.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मास्तरांनी पॉलिश पेपर खिशात घातला आणि मीच सांगत होतो म्हणाले. मावसभाऊ कान लावून उभा राहिला. ‘आवाजच येत नाही,’ तो निराशेने म्हणाला, ‘चालू आहे की बंद ते कळणार कसे?’ तिसऱ्या सिलिंडरातले तेल अजून जळतेच आहे. नवा प्लग ते थांबवू शकत नाही. तो फक्त काही महिने उधारीवर देतो.

तुम्हीही घरी प्लग बदलणार असाल तर इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. वायरी एकेकच काढा, म्हणजे क्रम चुकणार नाही, आणि ओढायची ती टोपी, वायर नव्हे. नवा प्लग बोटांनीच फिरवत न्या; वायसर टेकला की पान्याने अर्धा वेढा पुरे. आणि डिचोलीहून कोणी पाहुणा आलेला असेल, तर त्याला आधी जेवायला बसवा.