एक्केचाळीस टनांचा फोन

बीड जिल्ह्यात कुठल्याही वस्तूची किंमत रुपयांत सांगून भागत नाही. ती क्विंटलात नाहीतर टनात सांगावी लागते, तेव्हा कुठं ऐकणारा मान हलवतो. सुभाष रोडवरच्या दुकानात पोरानं काचेखालचा फोन बाहेर काढला आणि ‘१४,९९९’ म्हणाला, तेव्हा मी मनातल्या मनात भागाकार सुरू केला. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे पावणेतीन क्विंटलांना थोडं वरच. हे हमीभावानं, आडतीवर ज्या भावानं माल जातो त्यानं धरलं, तर साडेतीनच्या घरात. मध्यम धाग्याचा कापूस ७,७१० रुपये, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल बोंडं वेचून त्या पोराच्या काउंटरवर ओतायची.

पण आमच्याकडचं खरं माप उसाचं. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. त्या दरानं हा फोन एक्केचाळीस टनांचा. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडीत भरायच्या. म्हणजे तीन-चार आठवडे काही न खाता-पिता काम केलं, की एक फोन. त्यात १८ टक्के जीएसटी. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारनं ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ वर आणला, फोनचा मात्र १८ वर तसाच ठेवला. ट्रॅक्टर गरजेचा आणि फोन चैनीचा, असं सरकारचं मत दिसतं. मग त्याच सरकारची निम्मी कामं ट्रॅक्टरवर का होत नाहीत, हे मला कुणी सांगावं.

एवढा हिशेब करतो म्हणून गावात मला चेंगट म्हणतात. म्हणू देत. माझ्याकडं तेव्हा बटणांचाच फोन होता. पुतण्या त्याला डबडं म्हणतो. हे डबडं दोनदा विहिरीच्या काठावरून घसरलं आहे, एकदा बैलाच्या पायाखाली आलं आहे, आणि चार्जिंगला लावायची आठवण मला घरच्यांनी करून द्यावी लागते, इतकं ते कमी खातं. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला निघालो की त्याची बॅटरी बांधापर्यंत उजेड पाडते. पुतण्याच्या फोनला तीन डोळे आहेत, पण त्याला साप दाखवायचा तर आधी कुलूप उघडायला अंगठा लावावा लागतो. तोवर साप कुठं थांबतो?

तरीही मी दुकानात गेलो होतो. का, ते सांगतो.

ज्यांना पी. पी. नंबर आठवतो त्यांना माझी अवस्था लगेच कळेल. गल्लीत एकाच घरी फोन असायचा आणि बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर त्याचाच नंबर छापलेला, पुढं ‘पी. पी.’. फोन आला की त्यांचं पोरगं पळत यायचं. आपण जेवणातून हात धुऊन उठायचं, त्यांच्या बैठकीत जायचं, फोनवर पांघरलेला भरतकामाचा रुमाल बाजूला करायचा आणि सगळ्या घरादेखत सासऱ्याला ‘बरं हाय’ म्हणून सांगायचं. निघताना चहा घ्यावा लागायचा. पुढं त्यांच्या घरी पापड लाटायला आपली माणसं पाठवावी लागायची, ते वेगळं. लोक म्हणतात पी. पी. गेला. कुठला गेला! आतापर्यंत माझा पुतण्या माझा पी. पी. होता.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पूर्वी पिकांची पाहणी तलाठी करायचे, आणि ती बऱ्याचदा चावडीतल्या खुर्चीवरूनही नीट दिसायची. आता शेतकऱ्यानंच शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. त्यामुळं हंगामाला मी पुतण्याला मोटारसायकलवर घालून बांधावर न्यायचो. पेट्रोल माझं, फाट्यावरची भजी माझी, चहा माझा. वर त्याचं ऐकून घ्यायचं: “तात्या, तुमची तूर फोटोत येईना गेली. जरा वाकून धरा की तिला.”

विम्याचंही तसंच. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात पीकविमा एका रुपयात मिळत होता. देशभर गाजलेला पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ही आमच्याच नावाचा, त्यामुळं विम्याबद्दल आम्हाला थोडा घरचा अभिमानसुद्धा आहे. पण नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत ॲपवर कळवावं लागायचं. टोल फ्री नंबरही असायचा, नाही असं नाही. त्यावरचं संगीत फार छान असायचं. म्हणजे विमा एक रुपयाचा आणि तक्रार करायला फोन पंधरा हजाराचा. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा नदीचं पाणी शेतांत घुसलं तेव्हा जो तो गुडघाभर चिखलात उभा राहून फोटो काढत होता. मी माझ्या सोयाबीनकडं नुसता बघत होतो. माझ्या बघण्याला पुरावा म्हणून कुणी धरत नाही.

पण मला दुकानापर्यंत ढकललं ते ओटीपीनं.

सरकारी योजनेतल्या लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायची होती. त्यात बहिणीच्या आधारचा ओटीपी लागायचा आणि नवऱ्याच्याही आधारचा लागायचा. मालकिणीचे दरमहा १,५०० माझ्या डबड्यावर अडकलेले, त्यामुळं त्या दिवशी घरात मला कधी नव्हे तो मान होता. अडचण एवढीच की डबड्याला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तरच. पुतण्या त्याचा फोन घेऊन खाली अंगणात. मधे जिन्यात मालकीण. मेसेज आला. मी चष्मा पुसला, आकडा वाचला आणि ओरडलो. मालकिणीनं तो खाली ओरडून सांगितला. शेवटचे दोन अंक पुतण्याला उलटे ऐकू आले. तेवढ्यात पलीकडच्या घरातली म्हातारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “पाच म्हणले ते, सात न्हाई.” पुतण्यानं दुरुस्त केलं, तर वेळ संपलेली. पुन्हा मेसेज, पुन्हा आरोळी. यावेळी समोरच्या टपरीवरची दोन माणसंही मदतीला धावली. काम झालं. मग मी मेसेजची खालची ओळ वाचली: हा ओटीपी कुणालाही सांगू नका.

“मी म्हणते, घेऊन टाका एकदाचा,” मालकीण जिन्यातूनच म्हणाली. “माझा घसा गेला.”

तसे आम्ही बीडकर वाट पाहण्यात तयार आहोत. भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. त्याच वर्षाच्या आसपास आमचा नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग मंजूर झाला. फोन खेड्यापाड्यांत पोचला, त्याची बटणं गेली, काच आली, डोळे आले. आणि बीडहून नगरकडं पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं रुळांची वाट पाहिलेल्या माणसाला फोनची घाई कशी असेल? शिवाय फुकटचा फोनही परवडतोच असं नाही. २०२१ साली राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते. फोन तापायचे, अडकायचे, आणि दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्याच पदराला. फुकटात मिळालेली वस्तू मोर्चा काढून परत करायची म्हणजे ती किती महाग पडली असेल बघा.

दुकानात जाताना मी आमच्या गल्लीतल्या एका जोडप्याला बरोबर घेतलं होतं. ते दोघं दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कोल्हापूरकडं जातात. गल्लीत सगळ्यात आधी मोठ्या काचेचा फोन घेतला तो त्यांनी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीच्या पैशातून. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो: कोपीत लाइट नाही आणि हे फोन घेऊन निघाले! मी त्यातल्या अक्काला विचारलं, “वसूल झाला का फोन?”

अक्का म्हणाली, “भाऊ, पोरगं आजीपाशी ऱ्हातं. रातच्याला फोन लावते. चार्जिंग ट्रॅक्टरवाल्याकडं करते.”

“मग दिसतं का पोरगं?”

“कशाचं दिसतंय! म्हातारीला फोन धरताच येत न्हाई. निम्म्या वेळा पत्रेच दिसत्यात. पंखा दिसतो. एकदा तर निस्ता तिचा कान.” ती पदर तोंडाला लावून हसली. “पर पोरगं मधीच तोंड खुपसतंय. तेवढं दिसलं की मग चार वाजता उठून फडात जाया येतं.”

एक्केचाळीस टनांचा हिशेब मी तिच्यापुढं मांडला नाही. तिनं तो माझ्याआधीच केला असणार, आणि डोक्यावर मोळ्या घेऊन केला असणार.

दुकानातलं पोरगं एव्हाना रंगात आलं होतं. “काका, किमतीकडं बघूच नका. झिरो डाऊन पेमेंट. आज घेऊन जा, हप्ते नंतर.”

“अन् हप्ता थकला तर?”

“काही नाही काका, फोन आपोआप लॉक होतो. भरला की उघडतो.”

अक्काचा नवरा तोवर गप्प होता. तो पुढं सरकला, फोन हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “म्हंजी ह्यो बी मुकादमच की! उचल फिटल्याबिगर सोडायचा न्हाई.” दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. पोरगंही हसलं, पण त्यानं हप्त्याचा कागद आत ठेवून दिला.

रिचार्जचं विचारलं तर कळलं, कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. म्हणजे वर्षाला तेरा महिने. आपल्याकडं धोंड्याचा महिना जवळपास तीन वर्षांनी येतो, तेव्हा जावयाला बोलावून अनारसे घालतो, जमेल तसं वाण देतो. यांचा धोंडा दरवर्षी. आणि या जावयाचं अनारशांवर भागत नाही. त्यावर काच आणि कव्हर वेगळं. “कव्हर घ्याच काका, फोन पडला तर फुटतो.” विहिरीवरून पडलेलं माझं डबडं मी खिशातून काढून काउंटरवर ठेवलं. पोरानं आजोबांकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं.

अखेर खालच्या फळीवरचा घेतला. ८,४९९ रुपये, रोख, सोयाबीनच्या पट्टीतून. तेवीस टनांचा. पुतण्याच्या मते तो ‘स्लो’ आहे. मीही आहे, आमचं जमतं. त्यात खेळ नाहीत, व्हिडिओ अडकत अडकत चालतात, म्हणून मी ते बघत नाही, आणि एवढ्या एका गुणासाठी त्याला आणखी पाचशे रुपये दिले असते तरी हरकत नव्हती. सातबारा उघडतो, तूर फोटोत येते, बाजारातली भाजीवाली ‘सुट्टे न्हाईत, फोनपे मारा’ म्हणाली तर मान खाली घालावी लागत नाही. रेंज मात्र अजून गच्चीवरच आहे, त्यामुळं शासनाशी माझा सगळा व्यवहार टाकीला टेकून चालतो. फरक एवढाच, की आता ओटीपी गल्लीला कळत नाही. पलीकडची म्हातारी थोडी नाराज आहे.

कुणी विचारलंच तर माझं मत असं: ज्याला सरकारकडून काही घ्यायचं आहे किंवा लांबच्या लेकराचं तोंड बघायचं आहे, त्यानं फोन घ्यावा. हाती पट्टी असेल तेव्हा घ्यावा, हप्त्यावर घेऊ नये. आणि दहा हजारांच्या वर जायची वेळ आली, तर आधी एक दिवस उसाच्या फडात जाऊन मोळी उचलून बघावी.

राहता राहिली एक विनंती. माझ्याकडं नवा फोन आला आहे ही बातमी आता भावकीत पसरली आहे आणि लग्नसराई तोंडावर आहे. ग्रुपवर टाकलेली पत्रिका मी आमंत्रण धरत नाही. घर माहीत आहे. येऊन अक्षता द्या, चहा आमच्याकडं.