हद्दीबाहेरचे आपले

कोल्हापूर महापालिकेच्या हद्दवाढीचं नाव निघालं की आमचं उचगाव लगेच बाह्या सरसावतं. 'शहरात यायचं नाही' यावर सगळे गटतट एक. मात्र शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच लागली की हेच गाव तावडे हॉटेलवरून गाड्या दामटत शहरात शिरतं.

कोल्हापूरचा फुटबॉल पेठांचा. संघांची नावंच बघा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. या मूळच्या शड्डू ठोकायच्या जागा. साहेबाचा चेंडू तिथं पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली आणि पेठापेठांतल्या ईर्षेला रीतसर वेळापत्रक मिळालं. मॅचच्या दिवशी शिवाजी पेठेला मंगळवार पेठ म्हणजे परमुलूख.

आणि आता याच कडव्या संघांतून नायजेरियाची पोरं खेळतात! मागं गॅलरीत शेजारच्या काकांना विचारलं, "हा नऊ नंबर कुठला?"

"आपलाच हाय," काका भडंग चघळत म्हणाले.

"नाव काय?"

"ते जिभंला येत न्हाई. पर पाय बघा की!" मग माझ्याकडं वळून, "तुम्ही कुठलं?"

"उचगाव."

"म्हंजे भायेरचं."

राग आला नाही, कारण बाहेरच्यांची आमच्या भागाला जुनी सवय. शेजारच्या वळिवड्यात 1943 ते 1948 पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बायका-पोरंच जास्त. घर सुटलेल्या त्या माणसांनी इथं शाळा चालवल्या, चर्च उभं केलं. ते गेले आणि त्यांच्या छावणीत फाळणीनं उठवलेली सिंधी कुटुंबं आली. त्या वस्तीचं गांधीनगर झालं. आज लग्नाचा बस्ता बांधायला सगळा जिल्हा तिकडं लोटतो. 'परक्याच्या दुकानातून कशाला?' असं कुणी म्हणत नाही. भाव तेवढा घासाघीस करून पाडतात.

म्हणजे माणूस कुठून आला हे कोल्हापूरकर फार खोदत नाही; आमच्या कामाला आला का, एवढंच बघतो. कुणाला त्यासाठी दुकान थाटून पिढी घालवावी लागली, नऊ नंबरला एक गोल पुरला. आम्ही मात्र एवढ्या जवळ राहून भायेरचे, कारण आजवर आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या.

हद्दवाढीची फाईल मंत्रालयात खुशाल फिरू दे. उचगावनं आता विरोधाच्या मोर्चाबरोबर एक चांगला स्ट्रायकर तयार ठेवावा. तो पेठेकडून खेळला, की शहर आपण होऊन आमच्या हद्दीत येईल.