दोनशे दहावे, गटात पहिले

१८ नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी सहा वाजता महाराष्ट्रातले प्रचाराचे भोंगे बंद झाले. त्यानंतर रात्री काय चालतं ते निवडणूक आयोगाचं भरारी पथकही विचारत नाही, तर आपण कशाला विचारायचं? पण आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, त्या सुमारास तिकडे आल्प्सच्या पायथ्याशी, लिश्टनस्टाइन नावाच्या देशाच्या वाडुझ नावाच्या राजधानीत, सॅन मारिनोचा फुटबॉल संघ परक्या मैदानावर जिंकत होता. पहिल्यांदाच. या मोसमात पहिल्यांदा, या दशकात पहिल्यांदा, असलं काही नव्हे. त्यांचा पहिला अधिकृत सामना झाला १४ नोव्हेंबर १९९० रोजी. तेव्हापासून बाहेर जाऊन एक सामना जिंकायला त्यांना चौतीस वर्षं आणि चार दिवस लागले.

सॅन मारिनो ठाऊक नसेल तर लाजू नका. इटलीच्या पोटात आहे. चारी बाजूंनी इटली, मधे एक डोंगर, डोंगरावर तीन बुरूज. क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान याहून बरंच मोठं आहे, आणि तिथल्या बिबट्यांची परक्या मैदानावरची कामगिरी पहिल्यापासून कितीतरी सरस आहे. लोकसंख्या चौतीस हजारांच्या घरात. त्यातून पोरंबाळं, पेन्शनर आणि गुडघेदुखीवाले वगळले की अकरा जण कसेबसे जमतात. बदली खेळाडूंसाठी मात्र शोधाशोध करावी लागते.

संघातले काही जण इटलीच्या खालच्या विभागांत पैसे घेऊन खेळतात. बाकीचे बव्हंशी हौशी. कुणी कचेरीत, कुणी कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी अजून कॉलेजात. सराव संध्याकाळी, कारण दिवसा कामावर जायचं असतं. युरोपातल्या कोट्यवधींच्या स्ट्रायकरला अडवण्यासाठी रजा टाकायची आणि दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत पुन्हा कामावर हजर. 'कितीने?' एवढंच विचारत असतील तिथले साहेब. 'हरलात का?' हा प्रश्न त्या देशात वीस वर्षं कुणी विचारलाच नसणार.

वीस वर्षांचा हिशेब असा. २८ एप्रिल २००४ रोजी मैत्रीपूर्ण सामन्यात अँडी सेल्वा नावाच्या गड्याने गोल मारला आणि सॅन मारिनो घरच्या मैदानावर १-० असा जिंकला. त्यानंतर १४० सामने विजय नाही. दरम्यान त्यांचे राष्ट्रप्रमुख किती बदलले? तिथे एका वेळी दोन राष्ट्रप्रमुख असतात, दोघांना सारखाच अधिकार, आणि १ एप्रिलला व १ ऑक्टोबरला, म्हणजे दर सहा महिन्यांनी, दोघेही गुमान घरी जातात. तेव्हा दोन विजयांच्या मधे चाळीस नव्या जोड्या आल्या. 'अडीच वर्षांचं बंद खोलीत ठरलं होतं' असं कुणी म्हणालं नाही, रुसून गावी कुणी गेलं नाही. आपल्याकडे २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागून आठवडा झाला, बहुमताला तोटा नव्हता, आणि एक मुख्यमंत्री ठरेना. सॅन मारिनोकडून फुटबॉल सोडून बरंच शिकण्यासारखं आहे.

त्यांच्या पराभवांची यादी वाचायला घेतली तर सदर पुरणार नाही. तरी दोन-तीन मासले. १७ नोव्हेंबर १९९३, बोलोन्या, समोर इंग्लंड. इंग्लंडला विश्वचषकाची आशा जिवंत ठेवायला गोलांचा पाऊस पाडायचा होता. सामना सुरू झाला आणि ८.३ सेकंदांत गोल झालाही. पण तो मारला दाविदे गुआल्तिएरी याने, सॅन मारिनोकडून. पुढे इंग्लंडने सात मारले, ७-१ ने जिंकलं, आणि विश्वचषकाला मात्र गेलंच नाही. आता त्या सातांतला पहिला कुणी मारला ते विचारून बघा. आठ सेकंदांवाला मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

दुसरा मासला २००६ चा. जर्मनीने सॅन मारिनोतल्या सेरावालेत येऊन १३-० ने धुतलं. सेरावालेच्या त्या स्टेडियममध्ये साडेसहा हजारांच्या आसपास माणसं मावतात, आणि ते भरलंच तर पाहुण्यांच्या पाठीराख्यांनी भरतं. तिसरा मासला उलटा. २००१ साली रिगामध्ये लात्वियाला त्यांनी १-१ असं रोखलं, म्हणजे बाहेरच्या मैदानावरचा पहिला गुण मिळवला. त्यावर लात्वियाचे प्रशिक्षक गॅरी जॉन्सन यांनी राजीनामा दिला. सॅन मारिनोशी बरोबरी हा नैतिक जबाबदारी स्वीकारण्याचा विषय असतो. आपल्याकडे पूल पडला तरी तो नसतो.

अशा संघाला सल्ले फार मिळतात. सगळ्यात गाजलेला जर्मन खेळाडू थॉमस म्युलरचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीने पुन्हा सेरावालेत येऊन ८-० ने हरवलं, आणि असल्या सामन्यांचा व्यावसायिक फुटबॉलशी काही संबंध नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्युलर म्हणाला. त्या आठ गोलांत त्याचा एकही नव्हता. मग सॅन मारिनोच्या ऑलिम्पिक समितीचे प्रवक्ते अलान गास्पेरोनी यांनी म्युलरला उद्देशून दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. आमच्यासारख्यांविरुद्धसुद्धा तुला गोल मारता आला नाही, हा एक मुद्दा होताच. पण मला आवडतो तो दुसरा. कितीही भारी जर्सी घाला, सँडलमध्ये पांढरे मोजे घालणारी माणसं ती तुम्हीच, असं त्यांनी जर्मनांना सुनावलं. आठ गोल खाऊन एवढा टोमणा मारायचा म्हणजे पोटात काहीतरी शिल्लक लागतं.

म्युलर एकटा नाही. या छोट्यांची आधी आपापसांत चाळणी लावा, मग मोठ्यांत घ्या, असं म्हणणारे युरोपात जागोजाग आहेत. दमलेल्या खेळाडूंचा कळवळा, वेळापत्रकाची चिंता, दर्जाची काळजी, सगळं असतं त्यांच्या बोलण्यात. एवढंच नसतं, की सॅन मारिनोला १३-० ने हरणारा संघ कुणी केलं. चौतीस हजारांच्या गावासमोर आठ कोटींचा जर्मनी उभा करायचा, शिट्टी वाजवायची आणि तेरा मोजून झाल्यावर म्हणायचं, यांना खेळता येत नाही. सॅन मारिनो जगातला सगळ्यात वाईट संघ, हे कुणी ठरवलं? तर ज्यांच्याशी त्यांना खेळायला लावलं त्यांच्या गोलसंख्येने.

हे २०१८ पासून जरा बदललं. युरोपच्या फुटबॉल संघटनेने नेशन्स लीग काढली आणि देशांना त्यांच्या वकुबाप्रमाणे चार विभागांत बसवलं. हेतू अर्थातच टीव्हीचे पैसे. मोठ्यांचे मोठ्यांशी सामने लावायचे म्हटल्यावर उरलेल्यांना एकमेकांशी खेळवणं भागच होतं. पण उरलेल्यांच्या पदरात त्यातून बरोबरीचा प्रतिस्पर्धी पडला, जो आजवर दयाबुद्धीच्या भाषणांतून पडला नव्हता. लगेच चमत्कार झाला असंही नाही. पहिल्या खेपेला सॅन मारिनो सहाच्या सहा सामने हरला, गोल शून्य. दुसऱ्या खेपेला दोन सामने ०-० सुटले. तिसऱ्या खेपेला पुन्हा सगळे हरले. चौथ्या खेपेला गटात तीनच संघ निघाले: सॅन मारिनो, जिब्राल्टर आणि लिश्टनस्टाइन.

५ सप्टेंबर २०२४ ला घरच्या मैदानावर लिश्टनस्टाइनला १-० ने हरवलं. गोल मारणारा निको सेन्सोली १९ वर्षांचा. आपला देश जिंकल्याचं त्याने जन्मापासून पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं, त्यांनाही आता नीट आठवत नव्हतं. त्यांच्या पाठीराख्यांच्या एका टोळीचं नावच मुळी 'एकदाही आनंद नाही' अशा अर्थाचं आहे. त्यांची त्या रात्री पंचाईत झाली असणार. मग जिब्राल्टरकडून हार, नंतर सामना संपता संपता पेनल्टीवर त्यांच्याशीच १-१. राहिला एक सामना, वाडुझला. जिब्राल्टरचे सगळे सामने संपले होते आणि ते सहा गुणांवर बसून होते. सॅन मारिनोचे चार. म्हणजे जिंकायचं, तेही बाहेर, आणि बाहेर तर कधी जिंकलोच नाही.

आता बाहेर जिंकणं म्हणजे काय, हे आमच्या कोल्हापूरकरांना पटकन कळणार नाही. तिथे पाटाकडील तालीम असो, शिवाजी तरुण मंडळ असो की दिलबहार, सगळ्या पेठा एकाच शाहू स्टेडियमवर भिडतात. मैदान सगळ्यांचंच घरचं. गर्दी म्हणाल तर पेठांच्या एका बऱ्या सामन्याला सॅन मारिनोच्या दहा सामन्यांचे प्रेक्षक सहज निघतील. परका फक्त रेफ्री. वाडुझची गोष्ट वेगळी. तिथे समोर लिश्टनस्टाइन, म्हणजे चाळीस हजारांचा का होईना, पण सॅन मारिनोच्या मानाने बलाढ्य प्रतिस्पर्धी. त्यांची पोरं स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये खेळतात, कारण त्यांच्या देशाला स्वतःची लीगच नाही. चाळिसाव्या मिनिटाला आरोन सेले याने त्यांना आघाडी मिळवून दिली. मध्यंतराला १-०. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

ते पाठांतर मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला चुकलं. लोरेन्झो लाझ्झारीने बरोबरी साधली. ६६ व्या मिनिटाला पेनल्टी, आणि निकोला नान्नीने ती घातली. ७६ व्या मिनिटाला अलेस्सांद्रो गोलिनुच्चीने तिसरा मारला. ३-१. एका सामन्यात तीन गोल या संघाने आजवर कधी केले नव्हते. लिश्टनस्टाइन कृत्रिम दातांच्या उत्पादनासाठी जगभर प्रसिद्ध आहे; त्याच देशाचे दात त्याच्याच अंगणात घशात घालून पाहुणे परतले. सात गुण, गटात पहिले, वरच्या विभागात बढती.

आपल्याला यात एक छोटीशी अडचण आहे. त्याच १८ नोव्हेंबरला संध्याकाळी हैदराबादमध्ये भारत मलेशियाशी खेळला. घरच्या मैदानावर. १-१. आपला गोल मुंबईच्या राहुल भेकेने मारला, एवढंच समाधान. २०२४ मध्ये भारत अकरा सामने खेळला, जिंकलेले शून्य, केलेले गोल चार. सॅन मारिनोने त्यातले तीन एका अर्ध्या सामन्यात करून दाखवले. आपण हौशी नाही बरं का. आपल्याकडे लीग आहे, लिलावाच्या थाटातल्या बातम्या आहेत, परदेशी प्रशिक्षक आहेत आणि १४० कोटींतून अकरा का मिळत नाहीत यावरचे परिसंवाद आहेत. म्युलरने यावरही काहीतरी बोलावं. गास्पेरोनींचं पत्र मागवून ठेवू.

बरं, जागतिक क्रमवारीचं काय? नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस नवी यादी आली. वर्षात दोन विजय, गटात पहिला नंबर, आणि सॅन मारिनो कितवा? दोनशे दहावा. यादीतले एकूण देश दोनशे दहा. गणित कसं असतं ते फिफालाच माहीत. पण हरून हरून जे स्थान मिळवलं ते जिंकूनही सोडलं नाही, याला सातत्य म्हणतात.

खरी गोम बढतीत आहे. २०२४ अखेरपर्यंत सॅन मारिनोने जिंकलेले सामने तीन: २००४ चा एक, २०२४ चे दोन. तिन्ही लिश्टनस्टाइनविरुद्ध. म्हणजे चौतीस वर्षांत गिऱ्हाईक एकच, पण बांधलेलं. त्यानंतरच्या नेशन्स लीगला सॅन मारिनो वरच्या वर्गात बसणार आणि लिश्टनस्टाइन खालीच राहणार. दोघांची गाठ पडायची नाही. तेव्हा जिंकायची पुन्हा हुक्की आलीच तर वाडुझला फोन करून मैत्रीपूर्ण सामना मागावा लागेल. ते फोन उचलतील असं मला वाटत नाही.