काटा आणि काठी

माझा मेव्हणा ओहायोत राहतो आणि गॅरेजमध्ये विमान बांधतो. ही बातमी रत्नागिरीत पोचली तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, "मग गाडी कुठे लावतो?" विमानाचं त्यांना नवल नव्हतं. कांदिवलीत चारकोपला कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ साली ते बीकेसीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं, हे त्यांना ठाऊक आहे. त्या इमारतीतल्या बायका सांडगे कुठे वाळवत असतील, हीच काय ती त्यांची शंका.

मेव्हण्याचं विमान आरव्ही-७ जातीचं. सुटे भाग खोक्यांतून येतात, रिबिटं आपण मारायची. टाक्या पंखांच्या पुढच्या कडेतच असतात, दोन्हीकडे २१-२१ गॅलनच्या, म्हणजे प्रत्येकी जवळपास ऐंशी लिटर. सध्या घोडं अडलंय ते टाकीत किती उरलंय हे सांगणाऱ्या सेंडरपाशी. शनिवारी तिकडे उजाडलं की व्हिडिओ कॉल येतो. इकडे दिवेलागण झालेली असते आणि शेजारचे मामा खुर्ची ओढून बसलेले असतात. मामांची हयात मिरकरवाड्यात लाँचची इंजिनं खोलण्यात गेली. न विचारता सल्ला देण्याचा त्यांचा हक्क आळीत कोणी नाकारत नाही.

"भाऊजी, हे बघा," म्हणत मेव्हण्याने वस्तू कॅमेऱ्यासमोर धरली. एक वाकडी तार, तिच्या टोकाला फ्लोट, दुसऱ्या टोकाला स्क्रूची भोकं पाडलेली चकती. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो आणि आतला विजेचा रोध बदलतो. टाकी रिकामी असताना २४० ओहम, भरली की ३३. त्यावर कॉकपिटमधला काटा हलतो.

मामांनी चष्मा पुसला. "ह्यो तर गच्चीवरच्या टाकीतला गोळा!"

मेव्हण्याचा चेहरा पडला. पण मामांचं खोटं नव्हतं. गच्चीवरचा गोळा अडकला तर पाणी जिन्याने वाहतं आणि खालच्या बिऱ्हाडाशी भांडण होतं. वर आकाशात अडकला तर भांडायला बिऱ्हाडही नाही.

खरी मेख त्या तारेत आहे. ती अशी वाकवायची की फ्लोट वरच्या पत्र्याला घासता कामा नये, तळालाही टेकता कामा नये. त्यात पंख बुंध्यापासून टोकाकडे किंचित वर चढलेला आणि सेंडर बुंध्याशी. त्यामुळे फ्लोट वर जाऊन थांबतो, काटा 'भरली' म्हणतो, आणि टाकीत अजून बरंच मावत असतं. पुढे उडताना तेवढं जळून जाईपर्यंत काटा 'भरली'वरच ठाम. असं खोटं बोलणारी माणसं मी ग्रामपंचायतीत पाहिली आहेत, पण ती निदान विजेवर चालत नाहीत. त्यानंतर चकतीभोवती लावायचा तो काळपट चिकट लेप. त्याला असा वास की मेव्हण्याच्या बायकोने गॅरेजचं दार बाहेरून लावून घेतलं. तो लेप बोटांना, फोनला, दाराच्या कडीला, सगळीकडे छान चिकटतो. चकतीखाली धरला की नाही हे मात्र टाकीत दाब देऊन बघावं लागतं.

"आमच्या लाँचवर काठी घालतात," मामा म्हणाले. "काठी खोटं बोलत नाय."

मेव्हण्याने लगेच कॅनडाचा दाखला काढला. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन दाखवणारं यंत्र बंद, म्हणून टाक्या पट्टीनेच मोजल्या. पण हिशेब करताना किलोच्या जागी पौंड धरले, इंधन निम्म्याहून कमी भरलं गेलं आणि भर आकाशात दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते अवाढव्य विमान तरंगवत नेऊन गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे काठी बरोबर होती. गणिताचा मास्तर बदला."

मी गणिताचाच मास्तर होतो. विषय बदलावा म्हणून मी जुन्या पायपर कब विमानाची गोष्ट सांगितली. त्याची टाकी वैमानिकासमोर, नाकाडात. झाकणाला भोक, त्यातून वर आलेली तार आणि तारेच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोल संपत आलं की काचेपलीकडची तार बुटकी होत जाते. वायर नाही, ओहम नाही. मामा खुर्चीतून अर्धे उठले. ही युक्ती काढणारा माणूस नक्की कोकणातला असणार, असं त्यांनी जाहीर केलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बांबूची पट्टी तासून आणली, चांगली पॉलिश मारलेली. खुणांच्या जागा कोऱ्या, कारण थोडं थोडं पेट्रोल मोजून ओतत त्या तिकडेच पाडायच्या. सेंडरचा काटाही तसाच जुळवायचा असल्याने मेव्हण्याला नाही म्हणता येईना. उड्डाणाआधी टाकी उघडून काठी घालायची रीत तिकडेही आहेच म्हणा.

काठी न्यायची जबाबदारी लेकाकडे निघालेल्या सासूबाईंवर आली. आंबापोळी आणि कुळथाच्या पिठाने बॅग गच्च भरली होती, म्हणून त्यांनी ती हातातल्या पिशवीत खोचली. मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत शिपायाने ती उपसली आणि विचारलं, "आजी, ही कशाला?"

"विमानात पेट्रोल किती आहे ते बघायला," सासूबाई म्हणाल्या.

शिपायाने साहेबांना बोलावलं. साहेब येईपर्यंत रांगेतले दोघे-तिघे आपलं विमान कुठलं, ते बोर्डिंग पासवर पुन्हा वाचत होते.