हौसेची जागल

खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं कोणतंही गाव घ्या. बायपासला वेल्डिंगचं एक दुकान असतं आणि दुकानाशेजारी, जिथे एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्तीला लागतात, तिथे भंगारात निघालेल्या पिकअपचा मागचा हौदा दोन चाकांवर उभा असतो. त्याच्या पुढे गाडी नाही, पण लोखंडी दांडा आहे. वर तंबू नाही, पण तंबूचं माप घेऊन ठेवलेलं आहे. जीपमागे जोडून डोंगरात, नाल्यात, रस्ता संपेल तिथून पुढे ओढत न्यायचा, मग फाळका पाडला की स्वयंपाकघर आणि वरचं झाकण उघडलं की शयनगृह, ही त्याची भावी अवस्था. सध्याच्या अवस्थेत त्यात एक कुत्री व्यालेली असते. या हौद्याच्या मालकाला आपण ट्रेलरभाऊ म्हणू. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा वीज कंपनीत, नाहीतर स्वतःचं कृषी केंद्र. गावाकडचं वावर ठोक्याने दिलेलं. काम कुठवर आलं असं विचारलं की "फक्त कलर बाकी हाय, भाऊ," हे उत्तर ठरलेलं. रंग हे शेवटचं काम असतं हे खरंच; ट्रेलरभाऊंच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून एकटंच बाकी असतं.

गावाने या माणसाचा निकाल केव्हाच लावून टाकलेला आहे: मोबाइलवर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहून याचं डोकं फिरलं. निकाल सोपा आहे, म्हणूनच तो तपासून पाहायला हवा. घर सोडून उघड्यावर मुक्काम करणं ही या जिल्ह्याला बाहेरून आलेली गोष्ट नाही. इथल्या अर्ध्या लोकांचा तो पिढीजात उद्योग होता आणि पुष्कळांचा अजून आहे. हरभरा भरात आला की रोही आणि रानडुकरं येतात, म्हणून रात्री माळ्यावर जागल करावी लागते. पंपाला वीज रात्रीची मिळाली की पाणी रात्रीच द्यावं लागतं. मेहकर-लोणारकडच्या बंजारा तांड्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले. गाडीलोहारांचा तर संसारच बैलगाडीवर. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला टेम्पो-ट्रॅक्टर भरून माणसं येतात आणि माळरानावर चुली पेटतात. शेगावची पालखी पंढरपूरला पायी जाते, तेव्हा वारकऱ्यांचं सामान मागून गाड्यांत येतं. जालन्याच्या सीमेवरच्या गावांतून कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेलं कुटुंब तर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत चूल, बाज, शेळी आणि लेकरं घेऊनच निघतं. तेव्हा चाकांवरचा संसार ट्रेलरभाऊंनी आणलेला नाही. त्यांनी फक्त त्यातली सक्ती काढून टाकली. बापाने जी रात्र नाइलाजाने बाहेर काढली, ती लेक हौसेने काढायला निघाला आहे, आणि त्याचं सगळं हसू आणि सगळं मोठेपण या एका फरकात आहे.

हा वारसा मान्य केला की त्यांच्या बांधणीतले गुण आणि घोटाळे दोन्ही कळू लागतात. पिकअपची चासी केबिनच्या मागे गॅस कटरने कापायची, दोन्ही पट्ट्यांना चॅनल जोडून पुढे त्रिकोणी दांडा काढायचा, टोकाला हूक बसवायचा. इथपर्यंत काम सरळ आहे. पेच एक्सलपाशी येतो. मिस्त्री म्हणतो, डिफरन्शियल काढून साधा एक्सल टाका. ट्रेलरभाऊ म्हणतात, कंपनीची वस्तू आहे, राहू द्या. इंजिनच नसल्यामुळे तो लोखंडी गोळा काहीही न करता नुसता खाली लोंबत राहतो, आणि लोंबतो तो नेमका मधोमध. पांदण रस्त्यावर पावसाळ्यानंतर दोन बाजूंना चाकोऱ्या खोल जातात आणि मधली माती उंच राहते. तेव्हा सगळ्यांत आधी टेकतो तो हाच, कंपनीची वस्तू म्हणून जपलेला. स्प्रिंगच्या पाट्यांचंही तेच. मूळ गाडी कांद्याच्या गोण्या वाहायची, म्हणून तिचे पाटे त्या ओझ्याच्या बेताने कडक. हलक्या ट्रेलरखाली ते दबतच नाहीत. प्रत्येक दगडावर हौदा उडतो आणि फाळक्यातल्या स्वयंपाकघरात मिठाचं तिखटात रूपांतर होतं. एकदोन पाटे काढले की प्रश्न सुटतो, पण भाऊ जे विकत घेतलं त्यातलं काढून ठेवत नाहीत. ब्रेकची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याची नाही. चाकांत ड्रम असतात, पण त्यांना दाब देणारी नळी चासीबरोबर कापली गेलेली असते. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना पुढची जीप ब्रेक मारते आणि मागचा ट्रेलर मारत नाही. तो जीपला ढकलतो, आणि वळणावर बाजूने पुढे यायला पाहतो.

आणि ट्रेलर हलका राहतच नाही. यादी बनवायला ट्रेलरभाऊ बसले की त्यांच्या हातून ती यादी बापजाद्यांनी भोगलेली टंचाई लिहिते. या जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे टँकर. म्हणून दोनशे लिटरचा ड्रम, म्हणजे नुसत्या पाण्याचेच दोनशे किलो. जागलीवर आजाला थंडी वाजली होती. म्हणून गाद्या, रजया आणि वर दोन घोंगड्या. कंदिलात पुरेसं दिसत नव्हतं. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी, जी एकट्याने उचलू नये. चूल धुरकट होती. म्हणून भरलेला घरगुती सिलिंडर, तीसएक किलोचा. भाकरीवर भागवावं लागलं होतं. म्हणून आता पिठाचा डबा, तांदळाचा डबा, पोह्यांचा डबा आणि पाहुणे आले तर म्हणून शेवयांचा डबा. शौकीन प्रवासी सामान कमी कसं करावं याचा विचार करतो, कारण त्याला परत घरी येण्याची खात्री असते. ट्रेलरभाऊंच्या रक्तात ती खात्री नाही. ज्याचे पूर्वज दुष्काळात निघाले, तो दोन रात्रींसाठी निघाला तरी महिन्याचा किराणा भरतो.

गंमत अशी की, हे ओझं कसं मांडावं याचं शास्त्रही घरातच होतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकावर यावा, असं जाणकार सांगतात. मागे भार गेला तर हूक वर उचलला जातो आणि वेगात ट्रेलर शेपटी हलवू लागतो. पुढे फार गेला तर ओढणाऱ्या गाडीचं बूड बसतं. कापसाची गाडी खामगावच्या बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याने टक्केवारी कधी ऐकली नव्हती, पण गाडी उलाळ झाली की जू बैलांच्या खांद्यावरून उठतं आणि धुरेवर जड झाली की बैल बसतो, हे त्याला ठाऊक होतं. तो दोन गाठोडी मागेपुढे सरकवून गाडी समतोल करायचा. त्याचा लेक मात्र पाण्याचा ड्रम अगदी मागे, फाळक्याजवळ ठेवतो. कारण व्हिडिओतल्या माणसाचा नळ तिथे होता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला, नक्कल केल्याचा. जुन्या पिकअपच्या हौद्याचा ट्रेलर करणं ही अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची जुनी सवय आहे आणि दुसऱ्या महायुद्धात विलीज जीपमागे पाव टनाचा दोनचाकी ट्रेलर धावत होता, हे खरं. पण ती जीप महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली आणि पुढे वऱ्हाडात तिने लग्नाची वऱ्हाडं वाहिली, तेव्हा कुणी तिला नक्कल म्हटलं नाही. वस्तू कुठून आली यापेक्षा ती इथे कोणाच्या कामाची झाली हे पाहावं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: माणसं पोटासाठी ट्रॉलीत झोपतात आणि तुम्ही मजा म्हणून झोपता, ही त्यांची थट्टा नाही का? घरातून हाच प्रश्न वऱ्हाडीत येतो: "पलंग सोडून मी काहून पत्र्यात झोपू?" याचं उत्तर असं की, सक्ती संपली की तिची हौस होणं ही समाजाची नेहमीची चाल आहे. दळण गिरणीत गेलं तेव्हा जातं दिवाणखान्यात आलं. चुलीवरचं जेवण ढाब्यावर जास्त पैसे देऊन मिळू लागलं. हौस करणं हा अपराध नव्हे. सक्ती अजून संपलेली नाही त्या माणसाकडे पाठ फिरवून हौस करणं, हा मात्र आहे, आणि ट्रेलरभाऊंच्या वावरात ठोक्याने राबणारा माणूस आजही माळ्यावरच झोपतो.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि इथे त्यांची बाजू घेता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा एक मोटार वाहन; त्याला स्वतःची नोंदणी लागते. भंगारात गेलेल्या गाडीची नोंदणी रद्द करून घ्यायची असते. तिची एमएच-२८ ची पाटी हौद्याला शोभा म्हणून राहिली तरी तिचा अर्थ उरत नाही. घरी कापून जोडलेल्या चासीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी आपोआप मिळत नाही. यावर भाऊ राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन धोरणाचं नाव घेतात. पण ते धोरण रीतसर नोंदलेल्या वाहनांसाठी आहे, वेल्डिंगच्या दुकानाशेजारच्या हौद्यासाठी नाही.

शिवाय जायचं कुठे? लोणारचं विवर अभयारण्यात, बोथ्याचं जंगल ज्ञानगंगा अभयारण्यात, सातपुड्यातलं अंबाबरवा मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात. परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम कुठेच नाही. २०१९ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला तरुण वाघ तेलंगणातून फिरत, सुमारे तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोहोचला. त्याचं सामान म्हणजे गळ्यातला रेडिओ कॉलर, तोही माणसांनी घातलेला. त्याला कुणी परवाना मागितला नाही, हे ट्रेलरभाऊंना लागून राहतं. पण त्याने ड्रमही आणला नव्हता, हे ते लक्षात घेत नाहीत.

तेव्हा निकाल असा: हा माणूस वेडा नाही, नकलाकारही नाही, तो वारसदार आहे, फक्त वारसा कुठे वापरायचा हे त्याला उमगलेलं नाही. त्याने डिफरन्शियल काढावा, दोन पाटे कमी करावेत, ड्रम एक्सलच्या जरा पुढे घ्यावा. आणि कागद होईपर्यंत ट्रेलर सडकेवर न आणता नोंदणी असलेल्या ट्रॉलीत घालून गावी न्यावा, वावराच्या बांधावर उभा करावा आणि यंदा हरभऱ्याची जागल करणाऱ्या माणसाला त्यात झोपू द्यावं. डोंगर आणि नाले तिथेच आहेत; या माणसाची थंडी आधी जायला हवी.